सगळे कर रद्द, फक्त दोन टक्के: मामांची वही आणि अर्थक्रांतीचं गणित

(हे या भागाचं लेखी रूप. बोलताना घेतलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत, सगळे काढले नाहीत. मध्येच एकदा कुकरची शिट्टी झाली होती, ती काढली.)

आजचा विषय एका भांडणातून आलाय, त्यामुळे भांडणापासूनच सुरुवात करतो.

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला. तुमच्याही ग्रुपवर तो येऊन गेला असणार. इन्कम टॅक्स रद्द, जीएसटी रद्द, सगळं रद्द. त्याऐवजी बँकेत जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेवर एकच छोटा कर, मोठ्या नोटा बंद, आणि देशाचं सोनं. खाली हात जोडलेले चार इमोजी. मी ऑफिसच्या कॅबमध्ये होतो, डोकं आधीच तापलेलं, आणि मी 'व्हॉट्सॲप विद्यापीठ' एवढंच लिहून एक हसणारा चेहरा टाकला. दोन चुलत भावांनी त्यावर हसून घेतलं.

मामा त्यानंतर काहीच बोलले नाहीत. दोन दिवस सकाळचं 'शुभ प्रभात' पण नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन. "तू दादाला काय बोललास रे? चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस आहे तो, तू त्याला विद्यापीठ दाखवतोस?"

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. हाच प्रस्ताव २०१६ साली मी स्वतः हॉस्टेलभर वाटत फिरलो होतो. बीटेकचं दुसरं वर्ष, एटीएमच्या रांगेत तीन तास उभं राहायचं, आणि मागच्या पोराला समजावायचं की बघ, ही फक्त पहिली पायरी आहे. मी त्यासाठी एक एक्सेल शीटसुद्धा बनवली होती. म्हणजे मामा ज्या जागी आज उभे आहेत, तिथे मी आधी उभा होतो. आणि मला तिथून कोणी हसून हलवलं नव्हतं. माझ्याच शीटमधली एक चूक मला खूप उशिरा दिसली, एवढंच झालं होतं.

तर मी मामांना फोन केला, माफी मागितली, आणि म्हटलं, "मामा, तुमची वही काढा. आपण हिशोबच करू."

आधी प्रस्ताव नीट समजून घेऊ

अर्थक्रांती हा प्रस्ताव मराठवाड्यातून आलेला. अनिल बोकील हे मेकॅनिकल इंजिनियर आणि अर्थक्रांती प्रतिष्ठान ही त्यांची संस्था, यांनी तो वर्षानुवर्षं गावोगाव फिरून मांडलाय. २०१६ च्या नोव्हेंबरनंतर तो देशभर माहीत झाला. पाच मुद्दे आहेत, पण ते एकमेकांत अडकलेले आहेत.

आयात शुल्क सोडून सध्याचे सगळे कर बंद. त्याऐवजी बँक खात्यात पैसे जमा झाले की त्यातून ठरावीक टक्के आपोआप कापायचे. साधारण दोन टक्के सांगितले जातात. समर्थक म्हणतात की हा आकडा उदाहरणादाखल आहे. ठीक आहे, हिशोबाला तोच धरू. कापलेली रक्कम केंद्र, राज्य, स्थानिक संस्था आणि बँक यांच्यात वाटली जाणार. पन्नास रुपयांच्या वरच्या नोटा बाद. रोखीच्या व्यवहाराला कर नाही, पण दोन हजारांच्या वरच्या रोख व्यवहाराला कायद्याचं संरक्षणही नाही. म्हणजे मोठा व्यवहार बँकेतूनच करावा लागेल आणि बँकेतून गेला की कर कापला जाईल.

यात काय आवडतं ते समजायला अर्थशास्त्र लागत नाही. रिटर्न नाही, नोटीस नाही, सीए नाही, लाच मागायला माणूसच नाही. इंजिनियरला तर हे वाचून आनंदच होतो. इतकं स्वच्छ डिझाईन! एक नियम, एका ठिकाणी कापणी, अपवाद शून्य. आपण रोज जो जुना गुंतागुंतीचा कोड सांभाळतो, तो सगळा पुसून नव्याने लिहायची परवानगी मिळाल्यासारखं वाटतं. आमच्या धंद्यात अशी परवानगी मिळालेल्यांचं पुढे काय होतं, ती गोष्ट वेगळी.

माझ्या शीटमध्ये काय होतं

शीट साधी होती. देशात बँकेतून वर्षाला किती पैसे फिरतात, गुणिले दोन टक्के. बस.

आजचे आकडे घालून दाखवतो, कारण ते बघितले की मोह का होतो हे कळतं. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात डिजिटल पेमेंट झाली सुमारे २,४२८ लाख कोटी रुपयांची. त्याचे दोन टक्के म्हणजे जवळजवळ साडेअठ्ठेचाळीस लाख कोटी. त्याच वर्षी केंद्र सरकारचा सगळा कर मिळून जमा झाला साडेचौतीस लाख कोटींच्या आसपास. म्हणजे केंद्राचं भागून वर राज्यांसाठीही घसघशीत उरतं! मग अडलंय कुठे? कोणीतरी मुद्दाम अडवतंय, असंच वाटणार ना? मला वाटलं होतंच.

पण एक मिनिट. त्या वर्षी देशाचा जीडीपी होता तीनशे लाख कोटींच्या घरात. मग पेमेंट त्याच्या आठपट कशी? आपण सगळ्यांनी मिळून वर्षभरात जेवढं उत्पादन केलं, त्याच्या आठपट पैसे कसे काय फिरले?

कारण तोच पैसा पुन्हा पुन्हा फिरतो. आणि बहुतेक फिरणं तुमच्या-माझ्या चहा-पोह्यांचं नाहीच. त्या २,४२८ लाख कोटींपैकी यूपीआय होतं फक्त २०० लाख कोटी. आरटीजीएस, म्हणजे दोन लाखांच्या वरच्या मोठ्या रकमा, ते होतं सुमारे १,७०९ लाख कोटी. शंभरातले सत्तर रुपये. आणि व्यवहारांची संख्या बघाल तर उलट चित्र. यूपीआयचे व्यवहार १३ हजार कोटींहून जास्त, आरटीजीएसचे जेमतेम २७ कोटी. यूपीआयचा सरासरी व्यवहार दीड हजार रुपयांचा, आरटीजीएसचा त्रेसष्ट लाखांचा.

म्हणजे माझ्या शीटमधला सगळा खजिना या २७ कोटी व्यवहारांवर उभा होता. ते कोण करतं? बँका, म्युच्युअल फंड, कंपन्यांचे फायनान्स विभाग. पैसे आज इथे, उद्या तिथे.

तीन रूममेट आणि एका रात्रीचं कर्ज

आता माझी चूक. ती मी मोठ्या उदाहरणाने सांगत नाही, फ्लॅटच्या भाड्याने सांगतो.

समजा तुम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहता. भाडं ३०,०००. दोघं रूममेट तुम्हाला दहा-दहा हजार पाठवतात, तुम्ही मालकाला ३०,००० पाठवता. बँकेच्या नोंदीत एकूण व्यवहार झाला ५०,००० चा. आता प्रस्ताव जसा सांगितला जातो तसा लागू झाला. तुम्हाला मिळालेल्या वीस हजारांवर ४०० रुपये कापले गेले. का म्हणून? तुम्ही तर नुसते मधले. मग पुढच्या महिन्यात तुम्ही काय कराल? सोपंय. तिघंही थेट मालकाला पाठवाल. व्यवहार किती झाला? ३०,०००.

कोणी कर चुकवला नाही, कोणी खोटं बोललं नाही, तरी सरकारच्या कराचा पाया पन्नास हजारांवरून तीस हजारांवर आला. एका संध्याकाळीत. आणि हे तीन पोरांनी केलं, त्यांच्याकडे सीए पण नव्हता.

आता हेच त्या मोठ्या पैशांना लावा. बँकांची एक गरज असते, एका रात्रीपुरतं कर्ज. आज आपल्याकडे एक कोटी जास्त आहेत, दुसऱ्या बँकेला कमी पडतायत, उद्या सकाळी परत. वर्षाला साडेसहा टक्के व्याज धरलं तर एका रात्रीचं व्याज होतं साधारण १,७८१ रुपये. आणि दोन टक्के कर? दोन लाख. घेताना दोन लाख, परत देताना पुन्हा दोन लाख. १,७८१ रुपयांसाठी चार लाखांचा कर कोण भरेल? कोणीच नाही. तो व्यवहार दुसऱ्या दिवशी बंद.

इथे समर्थक म्हणतात की अशा व्यवहारांना सूट देता येईल. हो, देता येईल. पण सूट दिली काय किंवा तो बंद पडला काय, शीटमधून तो आकडा जातोच. आणि तो गेला की साडेअठ्ठेचाळीस लाख कोटी पण गेले. नुसत्या यूपीआयचे दोन टक्के काढले तर येतात चार लाख कोटी. मग दर वाढवावा लागतो. दर वाढवला की आणखी लोक मधला हात काढून टाकतात. मग पाया आणखी छोटा.

ज्यांनी एपीआय विकलेत त्यांना हे लगेच कळेल. फुकट आहे तोवर समोरचा दिवसाला दहा लाख रिक्वेस्ट मारतो. तुम्ही त्या दहा लाखांना दोन रुपयांनी गुणून वीस लाखांची स्वप्नं बघता. बिलिंग चालू केलं की तोच माणूस आठ दिवसांत कॅशिंग शिकतो. मी माझ्या शीटमध्ये किंमत बदलली होती आणि ट्रॅफिक तेवढंच धरलं होतं. बस, एवढीच चूक. पण ती पहिल्याच ओळीत होती.

"ते मोठ्यांचं झालं, माझं सांग"

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "अरे, ते बँकावाले बुडू देत की. माझं सांग."

मामांचं बार्शीत होलसेल किराण्याचं दुकान आहे. साखर, तेल, डाळी. दुकान त्यांच्या एकट्याच्या नावावर. आकडे त्यांच्या परवानगीने सांगतोय, थोडे गोल करून. वर्षाची उलाढाल सहा कोटी. ऐकायला मोठं वाटतं. पण साखरेवर शेकडा दीड रुपया सुटतो, डाळीवर चार, सगळं मिळून सरासरी तीन टक्के. म्हणजे अठरा लाख. त्यातून हमाली, गाडीभाडं, दोन पोरांचा आणि मुनिमांचा पगार, लाईट, उंदरांनी खाल्लेलं, बुडालेली उधारी. हातात उरतात नऊ लाख.

आज ते इन्कम टॅक्स किती भरतात? नऊ लाखांवर २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत शून्य. आणि जीएसटी? इथे मामांनी स्वतःच सांगितलं, कारण ते त्यांना तोंडपाठ आहे. साखर १०० रुपयांना घेतली, वर पाच रुपये जीएसटी दिला. १०२ ला विकली, वर पाच रुपये दहा पैसे घेतले. आधी दिलेले पाच वजा झाले, सरकारला गेले दहा पैसे. म्हणजे कर फक्त त्यांनी वाढवलेल्या दोन रुपयांवर.

"आता दोन टक्के लावा," मी म्हटलं.

कॅल्क्युलेटरची बटणं ऐकू येत होती. त्यांच्याकडचा तो मोठा, टकटक आवाज करणारा. सहा कोटींचे दोन टक्के म्हणजे बारा लाख. नफा नऊ लाख.

"बारा?"

"बारा."

"नफ्यावर नाही? सगळ्या जमेवर?"

"जमेवर, मामा. मेसेजमध्ये तेच लिहिलंय."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग धंदेवाला माणूस जे म्हणेल तेच ते म्हणाले: "मग मी भाव वाढवीन."

बरोबर. सगळेच वाढवतील. म्हणून साखळी मोजू. कारखाना किंवा मिल, मग डिस्ट्रिब्युटर, मग मामा, मग गल्लीतला दुकानदार. चार वेळा पैसे जमा झाले, चार वेळा दोन टक्के कापले. प्रत्येकाने आपलं नुकसान भरून काढलं तर गिऱ्हाईकापर्यंत किंमत वाढते सुमारे ८.४ टक्के. मिलच्या आधीचा शेतकरी, अडत्या, गाडीवाला, पोतंवाला धरलेच नाहीत. आता मोठी मॉल कंपनी बघा. ती मिलकडून थेट घेते आणि थेट विकते. दोनच जमा. वाढ ४.१ टक्के.

फरक चार टक्क्यांहून जास्त. मामांचं मार्जिन तीन.

याला अर्थशास्त्रात करावर कर म्हणतात, पण मामांना शब्दाची गरज नव्हती. त्यांना दिसलं की या पद्धतीत जो मधल्या हातांशिवाय सगळं एकाच छपराखाली करू शकतो तो जिंकतो, आणि मधला हात म्हणजे ते स्वतः. व्हॅट आणि नंतर जीएसटी आले त्यामागे हेच तर मोठं कारण होतं, की मधल्या टप्प्यावर भरलेला कर पुढे वजा व्हावा.

समर्थकांची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. ते म्हणतात, बाकीचे कर गेल्यामुळे वस्तू स्वस्त होतील. काही होतील. मोबाईलवर आज अठरा टक्के जीएसटी आहे, तो गेला तर साखळीतले दोन-दोन टक्के धरूनही फोन बऱ्यापैकी स्वस्त होऊ शकतो. पण मामांकडे तूरडाळ येते मोठ्या कट्ट्यात, पंचवीस किलोच्या वर, तिच्यावर आज जीएसटी शून्य आहे. शून्यातून काय कमी होणार? म्हणजे फोन स्वस्त, वरण महाग.

आणि पगाराचं बघा. वीस लाख पगार असेल तर २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत इन्कम टॅक्स येतो १ लाख ९२ हजारांच्या आसपास. दोन टक्क्यांनी चाळीस हजार. वर्षाला दीड लाखांचा फायदा. तीन लाख कमावणाऱ्या दुकानातल्या पोराचा आज इन्कम टॅक्स शून्य, उद्या सहा हजार. आमच्या अख्ख्या फॅमिली ग्रुपमध्ये या प्रस्तावाचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला असेल, तर त्यावर हसणाऱ्या मला. हे मी मामांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले.

बाहेर कोणी करून बघितलंय का?

बघितलंय. ही कल्पना आपल्याच मातीतली वाटते, पण ब्राझीलमध्ये मार्कोस सिंत्रा नावाच्या अर्थतज्ज्ञांनी 'एकच कर' ही अशीच कल्पना १९९० साली मांडली होती. पुढे तिथे बँक खात्यातून पैसे बाहेर जाताना कर लागलाही, १९९७ ते २००७. शेवटचा दर ०.३८ टक्के. दोन नाही, अर्धासुद्धा नाही. मिळायचं जीडीपीच्या सव्वा ते दीड टक्क्याच्या दरम्यान, जेव्हा तिथले एकूण कर जीडीपीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे होते. २००२ मध्ये शेअर बाजाराच्या व्यवहारांना सूट द्यावी लागली. डिसेंबर २००७ मध्ये सिनेटने मुदतवाढ नाकारली. विशेष म्हणजे सिंत्रा २०१९ मध्ये तिथल्या कर खात्याचे प्रमुख झाले, आणि असाच कर परत आणायच्या वादात त्याच वर्षी त्यांना जावं लागलं.

कोलंबियाने १९९८ मध्ये बँका वाचवायला तात्पुरता म्हणून हजारी दोन असा कर लावला. तात्पुरता! मग हजारी तीन झाला, मग हजारी चार, आणि तो अजून चालू आहे. लोक त्याला 'क्वात्रो पोर मिल' म्हणजे हजारी चार असंच म्हणतात, आणि एक खातं करमुक्त करून घेण्यासाठी बँकेत अर्ज द्यायचे. अर्जेंटिनात २००१ पासून आहे. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी. हा कर बाकीच्या करांच्या जोडीला आला, त्यांच्या जागी नाही.

"पण पूर्ण लागूच केलं नाही ना!"

हे वाक्य मामा म्हणाले, आणि मी पण म्हणायचो. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर लोक म्हणाले, बघा, अर्थक्रांती फसली. हे म्हणणं चुकीचं आहे, आणि मी आजही असं म्हणणाऱ्याला अडवतो. मूळ प्रस्ताव पन्नासच्या वरच्या नोटा काढायचा होता. प्रत्यक्षात हजारची काढून दोन हजारची आणली. म्हणजे दिशाच उलटी. कर तर एकही रद्द झाला नाही. पाचातला एक मुद्दा, तोही वाकडा करून घेतला, तर त्यावरून पाचही निकालात काढता येत नाहीत.

पण याची दुसरी बाजू आहे, ती मी २०१६ मध्ये टाळायचो. जेवढं झालं, त्यातून काहीच शिकायचं नाही का? मोठ्या नोटांच्या रूपात दडवलेला काळा पैसा परतच येणार नाही, असा आमचा दावा होता. रद्द झालेल्या नोटा होत्या १५.४१ लाख कोटींच्या. परत आल्या १५.३१ लाख कोटी, ९९.३ टक्के. दडवलेला पैसा होता की नव्हता यावर वाद घाला, पण तो नोटा रद्द करून बुडत नाही, एवढं त्यातून कळलं. पूर्ण लागू झालं असतं तरी हा आकडा वेगळा आला असता, असं म्हणायला मला तरी आधार सापडत नाही. 'पूर्ण केलं नाही' हे कारण प्रत्येक प्रश्नाला वापरलं की मग कुठलाच पुरावा चालत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले पण हेच करतो. प्रोजेक्ट बुडाला की म्हणतो, ॲजाइल नीट पाळलंच नाही.

मामांना मी एकच विचारलं, कोणता आकडा दिसला तर तुम्ही मागे हटाल? ते म्हणाले, "बारा लाख दिसले ना, बास झालं की." मग त्यांनी मला उलट विचारलं: "आणि तू? तुझं जीएसटी एवढं चांगलं आहे, तर माझ्या दुकानात येऊन एक महिना भर."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची पंधरा मिनिटं तेच बोलत होते. दर महिन्याला रिटर्न. पुरवठादाराने त्याचं रिटर्न उशिरा भरलं की याचं क्रेडिट अडकतं, पैसे मात्र आधीच दिलेले. पोर्टलवर आलेली नोटीस दुकानात कोणी वाचलीच नाही, आणि मुदत निघून गेली. सीएची फी. नियम बदलला की मुनिमांना परत शिकवा, आणि मुनीम बासष्टचे. "मी कधी म्हटलं कर कमी करा?" मामा म्हणाले. "कर घ्या की. मला ती कटकट नकोय. मेसेजमध्ये लिहिलं होतं रिटर्न नाही, नोटीस नाही. मी तेवढंच वाचलं बघ."

आणि मी त्या 'तेवढ्याच'वर हसणारा चेहरा टाकला होता. छोट्या व्यापाऱ्याने तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरावं, पुरवठादाराच्या चुकीचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडू नये, नोटीस साध्या मराठीत यावी, हे सगळं मागता येतं. त्यासाठी सगळे कर रद्द करायची गरज नाही. तिमाही रिटर्नची सोय तर पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला आजही आहे. मामा सहा कोटींवर आहेत, एक कोटीने हुकले. यावर त्यांनी जी शिवी दिली ती एडिट केली आहे.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी ती शीट मागितली. नवीन, रूममेटवाली. मी पाठवली आणि झोपलो.

सकाळी बघतो तर मामांनी कर-दराच्या रकान्यात २ खोडून ०.२ टाकला होता. त्यांचा कर बारा लाखांवरून एक लाख वीस हजारांवर आला. सोबत ग्रुपवर मेसेज: "आता परवडतंय. बोला इंजिनियर."

मी खालचा रकाना बघितला. सगळे व्यवहार जसेच्या तसे राहिले असं धरलं तरी सरकारकडे जमा होत होते ४.८६ लाख कोटी. केंद्राला लागतात साडेचौतीस. तो रकाना लाल झाला होता. मी त्याचा स्क्रीनशॉट टाकला. त्यावर मामांचं उत्तर आलं, "मग बाकीचे तीस कोणाकडून घ्यायचे, तुझ्याकडून?"

सध्या गाडी इथे थांबली आहे. 'शुभ प्रभात' परत सुरू झालंय. शीटची लिंक डिस्क्रिप्शनमध्ये दिली आहे, तुमच्या घरच्या दुकानाचे आकडे घालून बघा आणि कुठे अडतंय ते मला कळवा. पुढच्या भागात मामा स्वतः येणार आहेत म्हणतायत, फक्त रविवारी दुकान बंद झाल्यावर.